गणपतराव देशमुखांच्या १३ लढती: सांगोल्याचा हिशोब एकदा नीट लावूया

माणकाठ

गणपतराव देशमुखांवरचे कोणतेही दोन लेख शेजारी ठेवा, आकडे जुळत नाहीत. एकात १० वेळा आमदार, दुसऱ्यात ११. एकात ५० वर्षं, दुसऱ्यात ५५. आणि 'देशातला विक्रम' तर दोन्हीकडे. एसटीने फिरणारे आबा, साधी राहणी, हे सगळ्यांना पाठ आहे. ते इथे परत नको. इथे फक्त निवडणुका आणि विधानसभेतलं काम.

माझ्याकडची यादी:

१९६२ विजय
१९६७ विजय
१९७२ पराभव (काकासाहेब साळुंखे-पाटील, काँग्रेस)
१९७४ विजय (पोटनिवडणूक)
१९७८, १९८०, १९८५, १९९० विजय
१९९५ पराभव (शहाजीबापू पाटील, काँग्रेस), फरक १९२ मतं
१९९९, २००४, २००९, २०१४ विजय

१३ लढती, ११ विजय, २ पराभव. मतदारसंघ एक: सांगोला (जि. सोलापूर), पक्ष एक: शेतकरी कामगार पक्ष (शेकाप). २०१९ ला ते उभे राहिले नाहीत आणि जुलै २०२१ मध्ये गेले. यादीत चूक असेल तर सांगा. आणि १० चा आकडा येतो कुठून, हे कुणाला माहीत आहे का?

दप्तर

यादी बरोबर आहे. १० येतात ते १९७४ गळाल्यामुळे.

निवडणूक आयोगाचे जे सांख्यिकी अहवाल सगळे उतरवून घेतात ते सार्वत्रिक निवडणुकांचे असतात. १९७२ चा अहवाल उघडला की सांगोल्यात काँग्रेस, पुढचा थेट १९७८ चा, तिथे शेकाप. मधली पोटनिवडणूक दोन्हींत नाही. काकासाहेब साळुंख्यांच्या निधनाने जागा रिकामी झाली आणि १९७४ ला पोटनिवडणूक झाली. पोटनिवडणुकांच्या याद्या आयोग वेगळ्या ठेवतो आणि जुन्या काळातल्या त्रोटक आहेत. केवळ अहवाल लावून मोजणाऱ्याचे १० च भरणार.

जागा रिकामी झाली की ६ महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची, ही सक्ती तेव्हा नव्हती. लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १५१-अ आलं ते १९९६ मध्ये. त्याआधीच्या पोटनिवडणुकांच्या तारखा 'निधन अधिक ६ महिने' असा हिशोब करून काढू नका, फसाल.

शोधताना आणखी दोन अडचणी येतात. अहवाल इंग्रजीत आहेत आणि मतदारसंघाचं नाव कधी सांगोला, कधी सांगोले असं पडतं. उमेदवाराचं नाव कधी आडनावाने सुरू होतं, कधी पहिल्या नावाने. वडिलांचं नाव अण्णासाहेब, ते कधी पूर्ण तर कधी नुसतं आद्याक्षर. नावाने न शोधता सोलापूर जिल्ह्याच्या मतदारसंघांची पानं डोळ्यांखालून घालावीत. मतदारसंघाचा क्रमांक २५३ हा २००८ च्या पुनर्रचनेनंतरचा. त्याआधीच्या अहवालात २५३ वर गेलात तर भलत्याच गावात उतराल.

गुणाकार

वर्षांचा घोळही तसाच आहे. १९६२ ते २०१९ म्हणजे ५७. यातून १९७२-७४ ची दोन वजा केली आणि १९९५-९९ विसरलं की ५५ येतात. दोन्ही खंड वजा केले की ५० आणि थोडं वर. त्यातही १९८० च्या फेब्रुवारीत विधानसभा बरखास्त झाली आणि जूनपर्यंत राष्ट्रपती राजवट होती, त्या महिन्यांत राज्यात विधानसभेचं कुणीच आमदार नव्हतं. 'सुमारे ५० वर्षं' लिहावं, वाद मिटतो.

'११ वेळा' याचा अर्थ ११ पूर्ण मुदती असाही नाही. १९७४ ची मुदत अर्धवट मिळालेली, १९७८ ची दोन वर्षांत संपलेली.

उंबरठा

पण देशातला विक्रम आहे ना? २०१४ ला सगळ्या वाहिन्यांवर तेच चाललं होतं.

दप्तर

नाही. केरळमध्ये के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून १३ वेळा निवडून आले, १९६५ ते २०१६. २०१४ साली त्यांचे १२ आधीच झाले होते. कुणी म्हणेल की १९६५ ची केरळ विधानसभा भरलीच नाही, ती निवडणूक मोजू नका. नका मोजू, तरी २०१६ पर्यंतचे १२ राहतात. ओमन चंडी पुदुपल्लीतून १२ वेळा, १९७० पासून सलग, पराभव नाही. करुणानिधी १३ पैकी १३ जिंकले, पण मतदारसंघ बदलत गेले.

महाराष्ट्रापुरतं मात्र नि:शंक लिहा: विधानसभेवर ११ वेळा निवडून आलेलं दुसरं नाव नाही. तेवढं पुरेसं मोठं आहे, त्याला देशाचं शेपूट कशाला लावायचं?

अलिबागकर

मला यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. सांगोला टिकला तेव्हा पक्षाचं काय होत होतं? शेकापच्या विधानसभेतल्या जागा अशा:

१९६२: १५
१९६७: १९
१९७२: ७
१९७८: १३
१९८०: ९
१९८५: १३
१९९०: ८
१९९५: ६
१९९९: ५
२००४: २
२००९: ४
२०१४: ३
२०१९: १
२०२४: १

(सभागृह १९६२ ला २६४ चं, पुढच्या दोन खेपांना २७० चं आणि १९७८ पासून २८८ चं, हे लक्षात ठेवून वाचा.)

१९७२ आणि १९९५ ला सांगोला गेला तो पक्ष राज्यात खाली आला तेव्हाच. म्हणजे आबा लाटेच्या बाहेर होते ही समजूत अर्धीच खरी. पण २००४ ला पक्षाच्या २ जागा आल्या, त्यातली एक सांगोल्याची. २०१४ च्या तीन म्हणजे अलिबाग, पेण आणि सांगोला. रायगडात शेकाप ही गावोगाव बांधलेली संघटना होती, एक आमदार गेला तर शेजारचा असायचा. सांगोल्याला शेजार नव्हता. आजूबाजूला सगळी काँग्रेस, नंतर राष्ट्रवादी, साखर कारखान्यांची माणसं. तिथे एकट्याने मतदारसंघ धरून ठेवणं हे रायगडपेक्षा अवघड काम.

उंबरठा

अवघड कसलं? तालुक्यात धनगर समाज मोठा, आबा त्याच समाजाचे. झालं की.

माणकाठ

हे उत्तर सोपं आहे म्हणून सगळे देतात. समाज १९७२ ला होता, १९९५ ला होता, आणि निकाल उलटा लागला. शहाजीबापू मराठा, साळुंखेही मराठा. तरी ११ वेळा त्यांच्याकडची गावं फुटली तेव्हाच हे जिंकले. एका समाजाच्या गठ्ठ्यावर माणूस लढतीत येतो, दरवेळी निम्म्याच्या पुढे जात नाही.

पाणी, रोजगार हमी आणि सूतगिरणी या तीन गोष्टी बघाव्या लागतात. सांगोल्यात उसाचं राजकारण उशिरा आलं, कारण पाणीच नव्हतं. शेजारच्या तालुक्यांत कारखाना जे करतो (नोकऱ्या, उधारी, शाळा, माणसं सांभाळणं) ते इथे शेतकरी सहकारी सूतगिरणीने केलं. फरक इतकाच की कारखाना ऊस नेतो म्हणून शेतकऱ्याची मान अध्यक्षाच्या हातात असते. सूतगिरणीला तसा धाक घालता येत नाही. म्हणून इथली निष्ठा मऊ राहिली, दर पाच वर्षांनी परत मिळवावी लागली.

टीएमसी

पाण्याचा मुद्दा थोडा उलगडतो, कारण 'पाणी आणलं' या दोन शब्दांखाली बरंच दडतं.

सांगोल्याला तीन बाजूंनी पाणी येऊ शकतं: नीरा उजवा कालवा, टेंभू, म्हैसाळ. तिन्ही ठिकाणी हा तालुका शेपटाला. कालव्याचं पाणी वरच्या तालुक्यांतून खाली येता येता वाटेत उपसलं जातं, आवर्तनाचे (कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीचे) दिवस ठरलेले असतात आणि शेवटच्या फाट्याला पाणी पोचेपर्यंत ते दिवस संपतात. त्यामुळे शेपटाच्या आमदाराचं भांडण धरण बांधण्यासाठी नसतं, आवर्तनाच्या वेळापत्रकासाठी असतं: 'शेपटाकडून माथ्याकडे' भिजवण करा, म्हणजे आधी शेवटच्या गावाला द्या. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत दरवर्षी हेच.

टेंभूचं पाणी कऱ्हाड तालुक्यात कृष्णेतून उचलायचं आणि टप्प्याटप्प्याने वर चढवत आटपाडी, सांगोल्यापर्यंत आणायचं. सांगोल्यात ते बुद्धेहाळ तलावात सोडतात. उपसा योजनेचं दुखणं म्हणजे वीजबिल. पंप बसले, कालवा झाला, पण बिल थकलं की महावितरण वीज तोडतं आणि पाणी तिथेच थांबतं. ८१-१९ चं सूत्र त्यातून आलं: बिलाचा ८१ टक्के भार सरकारचा, १९ टक्के पाणीपट्टीतून. त्याआधी टंचाई निधीतून बिल भरा, ही मागणी प्रत्येक उन्हाळ्यात.

हे सगळं एका आमदाराने केलेलं नाही. आटपाडीला दरवर्षी भरणारी १३ दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद, नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर, गणपतराव, अशी ती फळी होती. कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) दिले होते आणि ३१ मे २००० नंतर त्या निवाड्याचा फेरविचार होऊ शकत होता. त्याआधी पाणी अडवून दाखवलं नाही तर हक्क जाईल, ही भीती. १९९६ ला कृष्णा खोरे विकास महामंडळ झालं, रोखे काढून पैसा उभा केला, तो त्याच घाईत. दुष्काळी तालुक्यांचं म्हणणं होतं की घाई करताय तर नुसती धरणं नकोत, उपसाही त्याच यादीत घ्या.

अलिबागकर

'लहान पक्षाचा आमदार निधी कुठून आणणार' हा प्रचारातला नेहमीचा प्रश्न. त्यावर उत्तर आहे का?

टीएमसी

आहे, पण रटाळ आहे. योजनेला पैसा तीन ठिकाणी अडतो.

पहिलं, सुधारित प्रशासकीय मान्यता, ज्याला मंत्रालयात 'सुप्रमा' म्हणतात. किंमत वाढली की जुन्या मान्यतेवर पुढचं काम निघत नाही, बिलं थांबतात. सुप्रमा कुठे अडली आहे (जलसंपदा, नियोजन की वित्त) हे कळल्याशिवाय भाषण करून उपयोग नसतो.

दुसरं, अर्थसंकल्पातली तरतूद. योजनेच्या नावावर नाममात्र रक्कम टाकून लेखाशीर्ष (खर्चाचं खातं) जिवंत ठेवतात, काम मात्र हलत नाही. ते वाढवायचं तर पुरवणी मागण्यांत.

तिसरं, भूसंपादन. कालवा ९० टक्के झालेला असतो आणि मधल्या दोन-चार शेतांचा मोबदला राहिलेला असतो. पाणी तिथून पुढे जात नाही.

यातल्या पहिल्या आणि तिसऱ्यासाठी सत्ता लागत नाही, कागद लागतो. सभागृहात पक्षाच्या संख्येवर भाषणाची मिनिटं मिळतात, त्यामुळे तीन आमदारांच्या पक्षाला चर्चेत जेमतेम वेळ. पण तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्धा तास चर्चा, कपात सूचना ही आयुधं प्रत्येक सदस्याच्या हातात असतात. तारांकितला मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि उपप्रश्न येतात. अतारांकितचं उत्तर छापील येतं, कुणी वाचत नाही. गणपतरावांच्या कामाचा मोठा भाग याच आयुधांवर उभा होता. अधिवेशन संपेपर्यंत बाकावर बसणं हा त्यांचा गुण म्हणून सांगतात; लहान पक्षाच्या माणसाला दुसरा उपायही नव्हता.

दप्तर

त्यात एक भर. ते १९७७-७८ मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेते होते, हे बहुतेक लेखांत सुटतं. १९७२ ला काँग्रेसच्या २२२ जागा आल्या होत्या आणि विरोधकांत सर्वांत मोठा पक्ष शेकाप, जागा ७. तरी विरोधी पक्षनेतेपद दिलं गेलं, आधी दिनकर पाटील आणि नंतर गणपतराव. २०२४ नंतर 'एक दशांश आमदार नाहीत म्हणून पद नाही' असा वाद चालला, तेव्हा हे उदाहरण आठवायला हवं होतं. २७० चा दशांश २७ होतो. ७ कुठे, २७ कुठे!

विरोधी पक्षनेत्यांच्या वेतन-भत्त्यांचा महाराष्ट्राचा कायदा १९७८ चा. आधी पद नुसत्या प्रथेवर चालत होतं.

मंत्री ते दोनदा झाले: १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ ला विलासरावांच्या. २००२ ला शेकापने पाठिंबा काढला आणि मंत्रिपद गेलं. भांडण रायगडातलं होतं, किंमत सांगोल्यालाही मोजावी लागली.

फॉर्मवीस

आता १९२ कडे येऊ. धाग्यात हा आकडा नुसता टाकून पुढे गेलात, पण यात शिकण्यासारखं बरंच आहे.

१९९५ ला कागदी मतपत्रिका होत्या. १९२ मतांच्या फरकात सगळा खेळ बाद मतांचा असतो. शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेषेवर, शिक्क्याऐवजी अंगठा, दोन ठिकाणी शिक्के, आणि सगळ्यांत भांडणाचं म्हणजे उलटा ठसा: शाई ओली असताना पत्रिका चुकीची घडी घातली तर समोरच्या चिन्हावर पुसट ठसा उमटतो. नियम सांगतो की मतदाराचा हेतू स्पष्ट दिसत असेल तर मत बाद करू नये. खरा ठसा कोणता आणि घडीचा कोणता हे ठरवतात शिक्क्यातल्या बाणाच्या खुणेच्या दिशेवरून. टेबलावरचा मोजणी प्रतिनिधी तिथे जागा असेल तर पत्रिका 'संशयित' गठ्ठ्यात जाते आणि निर्णय अधिकारी ती पाहतो. प्रतिनिधी चहाला गेला असेल तर ती कुठल्या तरी गठ्ठ्यात गेलेली असते, परत सापडत नाही.

२०१९ चं बघा. शहाजीबापू पाटील (तेव्हा शिवसेना) ९९,४६४, अनिकेत देशमुख (शेकाप) ९८,६९६. फरक ७६८. यंत्रावर बाद मत नाही. मग काय तपासायचं?

एक, टपाली मतं. तिथे अजूनही कागद आहे आणि बाद होण्याची कारणं क्षुल्लक असतात: प्रतिज्ञापत्रावर साक्षांकन नाही, पाकिटावरचा क्रमांक जुळत नाही. विजयाचा फरक बाद ठरलेल्या टपाली मतांपेक्षा कमी असेल तर सगळी बाद मतं पुन्हा तपासावीच लागतात, मागणी करावी लागत नाही.

दोन, १७-सी. प्रत्येक केंद्रावर मतदान संपल्यावर एकूण किती मतं पडली याचा नमुना केंद्राध्यक्ष भरतो आणि प्रतिनिधीला प्रत देतो. मोजणीत यंत्राची बेरीज या आकड्याशी जुळते का हे बघायचं. लहान पक्षांचं इथेच बिघडतं. ३०० च्या आसपास केंद्रं असली तर ३०० प्रतिनिधी हवेत, प्रत्येकाने प्रत जपून त्याच रात्री तालुक्याला पोचवली पाहिजे. एरवी निम्म्या प्रती खिशात घडी होऊन घरी जातात.

तीन, व्हीव्हीपॅट. एप्रिल २०१९ पासून प्रत्येक विधानसभा मतदारसंघात ५ केंद्रांच्या छापील चिठ्ठ्या (प्रत्येक मताची एक, यंत्रातून पडणारी) सोडत काढून मोजतात. यंत्र आणि चिठ्ठ्या यांत फरक आला तर चिठ्ठ्यांचा आकडा धरतात.

उंबरठा

७६८ असेल तर फेरमोजणी सरळ मागायची ना?

फॉर्मवीस

मागता येते, मिळेलच असं नाही. आणि वेळ फार थोडा असतो. शेवटची फेरी झाली, बेरीज जाहीर झाली, की नमुना २० वर (अंतिम निकालपत्रकावर) सही होण्याआधी लेखी अर्ज द्यायचा, कारणांसह. 'फरक कमी आहे' हे कारण धरत नाहीत. अमुक फेरीत अमुक टेबलावर अमुक केंद्राचा आकडा १७-सी शी जुळत नाही, असं लिहावं लागतं. अधिकारी पूर्ण, अंशतः किंवा अजिबात नाही असा लेखी निर्णय देतो. सही झाली आणि निकाल जाहीर झाला की त्याच्या हातात काही उरत नाही. म्हणून अनुभवी पक्ष अर्जाचा मसुदा सकाळीच खिशात ठेवतात, आकडे तेवढे रिकामे.

त्यानंतर निवडणूक याचिका. निकालापासून ४५ दिवस, थेट उच्च न्यायालयात, २,००० रुपये अनामत. गैरप्रकार सिद्ध झाला तर निवड जाते. पण मतांची चुकीची स्वीकृती किंवा नकार हा मुद्दा असेल तर 'निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला' हेही दाखवावं लागतं. ७६८ च्या फरकात ७० मतांचा घोळ सिद्ध करून काही मिळत नाही.

माणकाठ

२०१९ चं खरं कारण मोजणीत नाही, त्याआधीच्या महिन्यात आहे. शेकापने आधी भाऊसाहेब रुपनर यांचं नाव जाहीर केलं, कार्यकर्त्यांत नाराजी उसळली आणि मग आबांचे नातू अनिकेत पुढे आले. दुसऱ्या बाजूला शहाजीबापू आधीच्या पराभवांपासून गावं फिरत होते. अशा वेळी उशिरा ठरलेल्या उमेदवाराचे हजारभर मतांचे कोपरे सुटतात. ७६८ म्हणजे केंद्रामागे जेमतेम दोन-तीन मतं.

दप्तर

आणि शेकापच्या उमेदवाराला कागदाची जास्तीची अडचण असते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो. शेकाप आता नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त, म्हणून १० सूचक लागतात, सगळे त्याच मतदारसंघाच्या यादीतले. एकाचाही यादीतला भाग क्रमांक किंवा अनुक्रमांक चुकला आणि छाननीपर्यंत जुळला नाही, तर अर्ज धोक्यात. म्हणून अर्ज एकाच प्रतीत भरत नाहीत. एका उमेदवाराला चार संचांची मुभा असते, वेगवेगळे सूचक घेऊन.

यंत्रावरचा क्रमही बघा. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे, मग अमान्यताप्राप्त पक्षांचे, मग अपक्ष; प्रत्येक गटात वर्णानुक्रम. म्हणजे मुख्य लढतीतला असूनही शेकापचा उमेदवार खाली जातो आणि नामसाधर्म्याचे अपक्ष त्याच्या जवळ येतात. 'खटारा' हे पक्षाचं जुनं चिन्ह म्हाताऱ्या मतदारांच्या डोक्यात पक्कं होतं. मान्यता गेली की चिन्हावरचा राखीव हक्क जातो, मुक्त चिन्हांतून मागावं लागतं आणि नवं चिन्ह घरोघर पोचवायला प्रचाराचे जेमतेम दोन आठवडे हातात.

गुणाकार

२०२४ चं गणित कुणी मांडलंय का? बाबासाहेब देशमुख (शेकाप, हेही नातू) १,१६,२५६. शहाजीबापू पाटील (शिवसेना, शिंदे गट) ९०,८७०. दीपक साळुंखे (उद्धव ठाकरे गट) ५०,९६२. फरक २५,३८६.

गंमत म्हणजे २०१४ ला गणपतरावांचे ९४,३७४ आणि शहाजीबापूंचे ६९,१५०, फरक २५,२२४. दोन फरकांत १६२ चं अंतर!

उंबरठा

तिरंगी झाली म्हणून आले. ९०,८७० आणि ५०,९६२ मिळवा, १,४१,८३२ होतात.

गुणाकार

ती बेरीज दरवेळी करतात आणि दरवेळी चुकते. साळुंखे नसते तर त्यांची सगळी मतं पाटलांकडे गेली असती असं धरताय. पाटलांना जिंकायला २५,३८६ ची तूट भरायची होती. ५०,९६२ मतदार दोघांतच वाटले गेले असं धरलं तर पाटलांना त्यातले ३८,१७४ हून जास्त हवे होते, म्हणजे चारातले तीन. आणि साळुंखे होते महाविकास आघाडीचे, शेकापही त्याच आघाडीत जागा मागत होता. त्या मतदारातले चारातले तीन शिंदे गटाकडे गेले असते, हे तुम्हाला पटतं का?

अनामत मात्र साळुंख्यांची वाचली. वैध मतांच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त लागतात. ५०,९६२ ला ६ ने गुणा: ३,०५,७७२. सांगोल्यात एकूण मतदानच तेवढं झालं नाही.

उंबरठा

बरं, चारातले तीन नाहीत. पण 'काय झाडी, काय डोंगार' मुळे बापू राज्यभर गाजले, तरी पडले, हे कसं?

माणकाठ

राज्यभर गाजणं आणि बुद्धेहाळच्या खालच्या गावात गाजणं वेगळं. २०२४ ला उमेदवार वेळेत ठरलेला होता, पाच वर्षं फिरलेला होता. आणि आबा गेल्यानंतरची ती पहिली विधानसभा. २०१९ ला आबा हयात होते पण उभे नव्हते. तेव्हा भावनेचं मतदान झालं नाही, २०२४ ला झालं, असं मला वाटतं. याला आकड्याचा पुरावा नाही.

फॉर्मवीस

थोडा काढता येईल. नमुना २० मध्ये केंद्रनिहाय मतं असतात, ते राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या संकेतस्थळावर मतदारसंघ क्रमांकाने मिळतात. २०१९ आणि २०२४ ची २५३ ची पत्रकं घ्या. केंद्र क्रमांक तसेच जुळवू नका, मधल्या काळात केंद्रं फुटतात, नवी होतात. गावाच्या नावाने बेरीज करा. पत्रकं बऱ्याचदा स्कॅन केलेली असतात, ३ आणि ८ मध्ये गल्लत होते. प्रत्येक पानाची बेरीज तळाशी दिलेल्या बेरजेशी ताडून पाहा. पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी मंडळ २००८ पासून या मतदारसंघात आहे, ते वेगळं काढा, नाहीतर सांगोला तालुक्याचा कल झाकला जातो.

माणकाठ

करतो. वरची यादी दुरुस्त केली आहे: १९७४ पुढे 'पोटनिवडणूक' लिहिलं, 'देशातला विक्रम' असं शीर्षकात होतं ते काढलं. १९७४ ची मतसंख्या कुणाकडे जुन्या राजपत्रात असेल तर पानाच्या छायाचित्रासह टाका, नुसता आकडा नको.

दप्तर

राजपत्रात निवडून आलेल्याचं नाव असतं, मतं नसतात. मतांसाठी त्या आठवड्यातली सोलापूरची दैनिकं चाळावी लागतील. ग्रंथालयात बांधीव खंड मागताना महिना सांगावा लागतो, म्हणून आधी राजपत्रातून तारीख काढा, मग तिकडे जा.